तोंडी येतं, पेपरात अडतं: आमचं काय चुकलं

'लेक सहावीत, सेमी-इंग्लिश, बाजारातला हिशेब तोंडी करते आणि पेपरात शाब्दिक उदाहरणं कोरी सोडते.' ताई, तुमचं हे वाचलं आणि परळच्या आमच्या घरातली दोन वर्षं आठवली. पाढे, सराव तुम्ही करून घेतच असाल, त्यावर बोलत नाही.

आम्हाला सगळ्यात महाग पडला तो क्लास. नाव घेत नाही. तिथे मुलांकडून शब्दांचा तक्ता पाठ करून घ्यायचे: 'टोटल' दिसलं की बेरीज, 'लेस' दिसलं की वजाबाकी. तोच तक्ता मी घरी कपाटावर चिकटवला, त्याचं अजून वाईट वाटतं. एकदा वहीत होतं, 'रिया हॅज 12 रुपीज, विच इज 5 लेस दॅन सोहन.' सोहनकडे किती? मुलाने 12 − 5 = 7 लिहिलं. भाकरी थापता थापता मी मराठीत विचारलं, "रियाकडे 12 रुपये, सोहनपेक्षा 5 कमी. मग सोहनकडे?" "17," मान वरही न करता. आणि क्लासवाले सांगत होते, पाया कच्चा आहे, जादा बॅच लावा. लावलीही आम्ही! पैसे गेले ते गेले, पण पोरगं स्वतःला ढ समजायला लागलं.

बीजगणितात हे आणखी वाढतं. 'फाइव्ह लेस दॅन एक्स' वाचून मुलं त्याच क्रमाने 5 − x लिहितात. मराठीत 'x पेक्षा 5 ने कमी' म्हणताना x आपोआप आधी येतो.

मी शिक्षिका नाही, प्रत्येक मुलाचं वेगळं असेल. आम्हाला उपयोग झाला तो ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांच्या 1977 च्या पद्धतीचा: आधी मोठ्याने वाच, काय विचारलंय ते सांग, कसं करशील ते सांग, मग कर, शेवटी उत्तर लिही. दुसरी पायरी मी मराठीतच घ्यायचे. आमची गाडी तिथेच अडत होती. अमेरिकेतही 2001 मध्ये अबेदी आणि लॉर्ड यांनी आठवीच्या मुलांना आकडे तेच ठेवून फक्त भाषा सोपी केलेली उदाहरणं दिली, तर गुण थोडे वाढले. थोडेच, हेही खरं.

राज्य मंडळाची शाळा असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर गणिताचं मराठी पुस्तक फुकट मिळतं. इंग्रजी पुस्तकाशेजारी उघडून ठेवा.

आणि शाळेत भेटायला जाल तेव्हा लेकीला सोबत न्या. कोरं सोडलेलं उदाहरण बाईंसमोर मराठीत विचारा. आमच्या बाईंना तेव्हाच पटलं.