हौस हातकामाची: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार दादा, मी राजारामपुरीत राहते, सुतारकाम शिकलेली नाही, हौस म्हणून करते. मागच्या श्रावणात सुरीची दोन तयार पाती मागवली, मुठीच्या टोकापर्यंत पोलादी पट्टी असलेली, भोकं पाडूनच आलेली. परसातलं जांभळाचं झाड पावसात पडलं होतं त्याचीच फळकुटं कापून एकाला मूठ बसवली, अरल्डाइट लावलं, क्लॅम्प गच्च आवळला, लई भारी दिसत होती. आता होळीपासनं पट्टीची कड मुठीतनं बाहेर आल्यासारखी हाताला टोचतेय आणि एक बाजू सुटलीय. दुसऱ्या पात्याला हात लावायचं धाडस होईना. आजीच्या शिसवी पलंगाचा एक मोडका पाय घरात आहे, तो चालेल का?

उत्तर: ताई, पट्टी बाहेर आली नाही, लाकूड आत गेलंय. ओलं लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि पोलाद काय आकसत नाही, त्यामुळं कड उघडी पडली. त्यात तुम्ही कोल्हापूरच्या पावसाळ्यात, ताज्या पडलेल्या झाडाचं लाकूड वापरलं. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत साधारण वर्षभर तरी वाळू द्यावं लागतं. घरच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला तोलायचं, वजन उतरायचं थांबलं की समजायचं आता झालं.

पलंगाचा पाय चालेल का म्हणजे काय, त्याच्यापेक्षा चांगलं लाकूड तुम्हाला बाजारात मिळणार नाही! पिढ्यान्‌पिढ्या घरात वाळलंय ते. फक्त आधी जुनं पॉलिश काढा, खिळा राहिलाय का बघा, लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीत धरा आणि ८-१० मिमी जाडीची दोन फळकुटं काढा. शिसवीचा भुसा काहींना त्रास देतो, अंगाला खाज आणि नाकाला पाणी, म्हणून मास्क लावून अंगणातच घासा.

सुटलेल्या बाजूचं कारण बहुतेक क्लॅम्प. गच्च आवळलं की सगळं अरल्डाइट बाहेर येतं, आत चिकटायला काय राहतच नाही. शिवाय पट्टी गुळगुळीत असली तर पकड बसत नाही, ती ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरबरीत करा, ॲसिटोननं पुसा आणि मग तिला बोट लावू नका. क्लॅम्प नुसता बेतानं टेकवायचा. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका, २४ तासांचं साधं घ्या, घाई होत नाही.

आता नवखे हमखास चुकतात ती जागा, पात्याकडची पुढची कड. दोन्ही फळकुटांची ती कड चिकटवायच्या आधीच गोल करून ४०० पर्यंत घासून ठेवा, कारण नंतर तिथं पेपर फिरवला की पात्यावर ओरखडे उठतात. बाहेर आलेलं अरल्डाइटही तिथलं ओलं असतानाच ॲसिटोनच्या बोळ्यानं पुसा. भोकं पाडताना एक फळकूट पट्टीला क्लॅम्प करा आणि पट्टीच्याच भोकातनं ड्रिल चालवा, मग दुसरं तसंच. भोकांतनं आरपार ठोकायला पितळी सळई भोकाच्या मापाची घ्या, उद्यमनगरात लेथवाल्याकडं तुकडा मिळून जाईल, आणि अरल्डाइट न लावता एकदा सगळं जोडून बघाच. या सगळ्यात धारेवर जाड टेपचे तीन-चार थर हवेत, बोटं तुमचीच आहेत.

पहिली सुरी टाकू नका. तिला सळया ठोकल्या असतील तर त्यांची डोकी कानसीनं घासून ठोकून काढा, मूठ उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरा, अरल्डाइट नरम पडतं. गॅसच्या ज्योतीवर मात्र धरू नका, पातं निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा, उकळत्या पाण्यानं तसं काय होत नाही. काढल्यावर लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा.

शेवटी मुठीला जवसाचं तेल, पातळ हात, दोन-तीन वेळा, मध्ये पूर्ण सुकू देऊन. शेंगतेल नको, ते सुकत नाही, चिकट राहतं. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं, चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, ती उघडी पसरून वाळवा. सुरी भांड्यांबरोबर पाण्यात भिजत ठेवायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा.