घर दोघांच्या नावावर, चावी त्याच्याकडेही: कुलूप बदलू का?

"घर दोघांच्या नावावर आहे. तो आता डोंबिवलीला आईकडे राहतो, पण चावी त्याच्याकडे आहे. रात्री-अपरात्री येतो, मारतो, जातो. कुलूप बदललं तर उलट माझ्यावरच केस होईल का?"

समुपदेशनात हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. इथे तो कोपरखैरणेतल्या एका ताईंचा आहे, आणि "तो" म्हणजे त्यांचा नवरा. घरात त्या आणि सातवीतली मुलगी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंनी आधीच एक भक्कम, महागडं टाळं आणून ठेवलं होतं. पण टाळं बाहेरून लागतं, आपण आत असताना त्याचा काही उपयोग नाही. घराच्या सुरक्षेचे बहुतेक सल्ले चोराला डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. चोर अनोळखी असतो आणि आवाज झाला की पळतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला वॉचमन सलाम करतो, हाक ऐकून लेक दार उघडते, आणि आरडाओरडा झाला तर शेजारी "त्यांचं घरातलं आहे" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून दारापाशी जाण्याआधी आम्ही एक यादी करायला लावतो: चाव्या कोणाकोणाकडे आहेत, दार कोण उघडतं, आणि आपण कधी घरी असतो हे त्याला कुठून कळतं.

कुलपाचं उत्तर असं. सहमालकाला कोर्टाच्या आदेशाशिवाय परस्पर बाहेर ठेवलं, तर त्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. त्यामुळे आधी आदेश. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १९ खाली त्याने घराबाहेर राहावं, आत येऊ नये असा निवास आदेश मागता येतो, आणि कलम १८ खाली संरक्षण आदेश, म्हणजे त्याने हिंसाचार करू नये असा. प्रकरण तातडीचं असेल तर कलम २३ प्रमाणे त्याची बाजू ऐकण्याआधीही अंतरिम आदेश देता येतो. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी, मदत करतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

आदेश हातात येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. आतून कडी लावायला कोणाची परवानगी लागत नाही. ताईंच्या दाराला एकच नाइट लॅच होतं आणि त्याची चौकटीवरची पट्टी पाऊण इंची स्क्रूंवर उभी होती. लाथ बसली की कुलूप सहसा तुटत नाही, ही पट्टी लाकडासकट उपटून येते. सुताराकडून तिथे अडीच इंची स्क्रू बसवून घेतले, आधी बारीक ड्रिलने भोक पाडून, नाहीतर जुनी चौकट चिरते. मग आतून सरकवायचे दोन जाड बोल्ट: एक वरच्या बाजूला, एक जमिनीपासून फूटभर उंचीवर. बोल्ट जिथे शिरतो तिथे नुसतं लाकडातलं भोक पुरत नाही, लोखंडी पट्टी हवी. फ्लश डोअरचा, म्हणजे सपाट प्लायच्या दाराचा, मधला भाग बऱ्याचदा पोकळ किंवा भुसभुशीत असतो, म्हणून बोल्ट दाराच्या कडेलाच धरायचा. नवी मुंबईच्या पावसात दार फुगतं, बोल्ट अडकायला लागतो आणि मग माणसं तो लावणंच सोडून देतात. बसवतानाच थोडी जागा सोडायला सांगा. चौकटीचा खालचा भाग ओलीने कुजला आहे का, हे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. कुजलेल्या लाकडात कुठलाच स्क्रू टिकत नाही.

दाराची बाहेरची कडी मात्र काढून टाकायची. एकदा त्याने ती बाहेरून लावून दोघींना सकाळपर्यंत कोंडून ठेवलं होतं. त्याच कारणासाठी आतून चावीनेच उघडणारं कुलूप घेऊ नका. पळायची वेळ आली तर चावी शोधायला सवड नसते. खिडकीच्या ग्रीलला उघडणारी झडप असेल, तर तिची चावी हाताशी पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशी ठेवा. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथे सुऱ्या असतात. बाथरूममध्येही नाही, तिथून बाहेर पडायला वाट नसते.

आदेश मिळाल्यावर चावी बदलायची. सिलिंडरचं (चावी शिरते तो भाग वेगळा निघतो असं) कुलूप असेल तर अख्खं कुलूप बदलावं लागत नाही. दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढून, चावी किंचित फिरवली की सिलिंडर सरकून बाहेर येतो. तो मोजून त्याच लांबीचा नवा आणायचा, बहुतेक वेळा ६० किंवा ७० मिलिमीटरचा. नवऱ्याशी बोलणं असलेल्या शेजाऱ्यांकडे नवी चावी ठेवू नका, कितीही जुनी ओळख असली तरी.

ताईंच्या बाबतीत सगळ्यात मोठं भोक दाराला नव्हतंच, ते फोनमध्ये होतं. गूगल मॅप्सवर लोकेशन शेअरिंग चालू होतं, व्हॉट्सअॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये त्याचा लॅपटॉप होता, आणि सोसायटीच्या गेट अॅपमध्ये तो अजून घरचा माणूस होता, त्यामुळे वॉचमनचा फोनच येत नव्हता. हे दिसताक्षणी बंद करू नका. आधी या सेटिंग्ज दाखवणाऱ्या स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनवर काढा, मग एखाद्या सुरक्षित दिवशी, सोबत कोणी असताना, सगळं एकदम बदला. अचानक लोकेशन बंद झालं की तो चवताळून दारात येण्याची शक्यता वाढते. वेगळं झाल्यानंतरचा काळ तसाही जास्त धोक्याचा असतो.

लेकीला वडिलांविरुद्ध पढवायची गरज नाही. "दार फक्त आई उघडेल" एवढा एकच नियम, सगळ्या पाहुण्यांसाठी. शाळेत मात्र मुलीला कोण नेऊ शकतं हे लेखी द्या, सोबत आदेशाची प्रत जोडा. तशीच प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना देऊन पोच घ्या. आदेश असला की वॉचमनलाही "साहेबांना कसं अडवू" हा पेच उरत नाही.

आदेश मोडून तो आलाच तर दार न उघडता ११२ लावा. सल्ल्यासाठी १८१ आहे. संरक्षण आदेशाचा भंग हा कलम ३१ खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि त्याच दिवशी सोसायटीकडे जिन्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण लेखी मागा. जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.