आंब्याचा शिरा करताना दूध फाटतं आणि शिरा गिच्च होतो. काय चुकतं?

बहुतेक रस लवकर पडतोय. आंबा थोडा जरी आंबट असला तरी गरम दुधात गेला की दूध फाटणारच.

माझं प्रमाण: 1 वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साजूक तूप, 2 वाट्या दूध, 1 वाटी हापूसचा रस, पाऊण वाटी साखर. रस गोड असेल तर साखर अर्धी वाटीच पुरते.

खरी मेहनत रवा भाजण्यात आहे. मंद आचेवर, तुपात, रवा हलका होऊन खमंग वास सुटेपर्यंत. 10-12 मिनिटं लागतातच. इथे घाई केली की पुढे गिच्च गोळा ठरलेला. मग उकळतं दूध घाला (गार नको, गुठळ्या होतात) आणि झाकून वाफ काढा. दूध पूर्ण जिरलं, रवा फुलला, की मगच साखर आणि रस. साखर आधी घातली तर रवा नीट फुलत नाही.

पुन्हा एक वाफ, चिमूटभर मीठ, वेलची. केशर मी घालत नाही, हापूसपुढे त्याचं काय काम!

आंबा फारच आंबट निघाला तर दुधाऐवजी सरळ पाणी वापरा. आणि आंब्याचा मोसम संपला की सत्यनारायणाच्या प्रसादासारखं केळं आहेच, ते मात्र रव्याबरोबर तुपातच परतायचं.