जलावतरण म्हणजे दाखल होणं नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘क्रोनश्टाट’ या रशियन पाणबुडीचं जलावतरण एका बातमीत 2018 सालचं आहे, दुसरीत 2024 सालचं. खरं कोणतं? जलावतरण आणि नौदलात दाखल होणं एकच ना?

एकच नाही! वर्षानुवर्षं बातम्यांतून हा घोळ ऐकतो आहे आणि दर वेळी डोकं उठतं. जलावतरण 20 सप्टेंबर 2018 ला झालं. नौदलाचा ध्वज चढला 31 जानेवारी 2024 ला. मधली पाच वर्षं ती पाण्यात होती, पण नौदलाची नव्हती. आपल्या माझगाव गोदीतल्या ‘वागशीर’चंही तसंच: जलावतरण एप्रिल 2022, नौदलात दाखल जानेवारी 2025.

पाणबुडीच्या बाबतीत ही गल्लत जास्तच खटकते. जलावतरणाच्या दिवशी ती फक्त तरंगते. मग धक्क्याला बांधून यंत्रं तपासायची, समुद्रात न्यायची, आणि त्यानंतर कुठे पहिली बुडी. पाण्याखाली डिझेल इंजिन चालत नाही, कारण त्याला हवा लागते. तिथे बॅटरीवरची मोटर हवी. ‘क्रोनश्टाट’च्या वर्गाची, म्हणजे त्याच आराखड्याची, पहिली पाणबुडी ‘सांक्त पीतिरबुर्ग’ 2004 मध्ये पाण्यात उतरली, पण मोटर पुरती ताकद देईना. 2010 ला ती नौदलाने चाचणीपुरती घेतली. ‘क्रोनश्टाट’ची बांधणी सुरू झाली 2005 मध्ये, ती 2009 ला थांबली आणि आराखडा सुधारून 2013 ला पुन्हा सुरू झाली. एवढं सगळं ‘जलावतरण’ या एका शब्दात कोंबू नका.

आता शब्दाकडे येतो. ‘अव’ म्हणजे खाली, आणि ‘तॄ’ म्हणजे तरणे, पार होणे. रशियनमध्येही जहाज पाण्यावर ‘खाली सोडतात’: स्पुस्क ना वोदू. त्यांचा ‘वदा’, म्हणजे पाणी, आपल्या ‘उदका’चा सख्खा भाऊबंद आहे. पण खरी गंमत ‘उतरणे’त आहे. अनेक जण तो बेधडक संस्कृत ‘अवतरति’पासून काढतात, अर्थ जुळतो म्हणून. अर्थ जुळला तरी ध्वनी जुळत नाही, त्याचं काय? दोन स्वरांमधला एकटा ‘त’ प्राकृतात गळतो. ‘अवतरति’चं होतं ‘ओअरइ’. आपल्या ‘उतरणे’त ‘त’ ठणठणीत आहे, म्हणजे मुळात तो जोड होता. ‘सप्त’चं ‘सत्त’ आणि मग ‘सात’ झालं, तसंच ‘उत्तरति’, ‘उत्तरइ’, ‘उतरणे’. यावर वाद घालणाऱ्यांनी आधी प्राकृताचं व्याकरण उघडावं.

पण ‘उत्’ म्हणजे तर वर! वर जाणारा शब्द खाली कसा आला? भाऊच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहा. लाँच पार खाली गेलेली असते. लोक पिशव्या सावरत, शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय घट्ट रोवत वर चढतात आणि वर पोचल्यावर घरी फोन करून सांगतात, ‘उतरलो.’ चढून आलेला माणूस उतरलो म्हणतो, आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटत नाही! माझ्या मते मूळ अर्थ तिथे अजून जिवंत आहे: पाण्यातून वर येणं, काठाला लागणं. नावेतून बाहेर पडणं म्हणजे उतरणं झालं, मग बैलगाडीतून, घोड्यावरून, जिन्यावरून. वाहनं उंच होत गेली आणि शब्दाची दिशा फिरली. ‘उतारू’ हा शब्दही त्याच काठावरचा. तारू (जहाज), तर (पैलतीरी नेणारी होडी), अवतार ही सगळी त्याच धातूची लेकरं. आणि कुणाचं वाक्य उद्धृत करायचं तर ‘अवतरण’ही चालतं आणि ‘उतारा’ही, खाली आलेला आणि वर आलेला असे दोन्ही भाऊ एकाच ओळीत येऊन बसले.

हो, पाणबुडी राहिलीच. याच वर्गातली पुढची ‘वेलिकिये लुकी’ 23 डिसेंबर 2022 ला पाण्यात उतरली. त्या तारखेपुढे जलावतरणच लिहा. नौदलात दाखल झाल्याची तारीख निराळ्या ओळीत.