आयसीयूत बीपी नॉर्मल दिसत असताना डॉक्टर सारखं बोट दाबून का बघतात?

तुम्ही लिहिलंय की लघवीच्या संसर्गातून सासूबाईंना सेप्सिस झाला आणि चार दिवसांपासून त्या परळला आयसीयूत आहेत. मॉनिटरवर बीपी ११८ दिसतं, तरी डॉक्टर म्हणतात, ‘रक्तप्रवाह अजून सुधारलेला नाही.’ दर अर्ध्या तासाने कुणीतरी येऊन त्यांच्या बोटाचं टोक दाबतं, सोडतं आणि कागदावर काहीतरी लिहून जातं. एवढी यंत्रं असताना हे कशासाठी, असं तुम्ही विचारलंय.

ताई, मी मुंबईतल्याच एका आयसीयूत सोळा वर्षं स्टाफ नर्स आहे. रात्रपाळीला ते बोट दाबणारी मीच असते, म्हणून उत्तर लिहायला बसले. सासूबाईंच्या उपचारांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. मी फक्त त्या बोटामागचं कारण सांगते.

आधी त्या ११८ बद्दल. त्यांच्या खाटेशेजारी सिरिंज पंप असेल, त्यातून बहुतेक नॉरॲड्रेनालिन जात असेल. हे औषध सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि दाब वर धरून ठेवतं. म्हणजे ११८ हा आकडा त्यांचा एकटीचा नाही, त्यात पंपाचाही वाटा आहे. शिवाय तो मोठ्या धमनीतला दाब आहे. मूत्रपिंडाच्या, आतड्याच्या, मेंदूच्या पेशीपर्यंत रक्त पोचलं का, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

सेप्सिस म्हणजे नुसता ‘रक्तात जंतू’ नव्हे. २०१६ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे, संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बेताल होतो आणि त्यातून अवयव निकामी व्हायला लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. या बेतालपणाचा मोठा मार बसतो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला. ते अस्तर गळकं होतं, पाणी बाहेर झिरपतं, म्हणून हातपाय सुजतात. बारीक वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होतात. तांबडी पेशी साधारण ७-८ मायक्रॉनची असते आणि काही केशवाहिन्या तिच्याहूनही अरुंद असतात, त्यातून ती एरवी दुमडून जाते. सेप्सिसमध्ये ती ताठर होते आणि अडकते. मग रक्त त्या अरुंद गल्ल्या सोडून मोकळ्या वाटेने निघून जातं.

तुम्ही परळला येता-जाता, म्हणून तिथलंच उदाहरण देते. करी रोडच्या फलाटावर उभं राहिलं की फास्ट लोकल समोरून धाडधाड जाते. गाडी वेळेवर आहे, भरलेली आहे, वेगही उत्तम आहे, पण करी रोडवाल्याला तिचा काय उपयोग? सेप्सिसमध्ये काही अवयवांचं असंच होतं. रक्त प्राणवायू घेऊन येतं, न थांबता पुढे जातं आणि भरलेलंच हृदयाकडे परततं. म्हणूनच कधीकधी परतणाऱ्या रक्तातल्या प्राणवायूचा रिपोर्ट छान येतो आणि पेशंट मात्र खालावत असतो. नवीन होते तेव्हा मला हे कोडंच वाटायचं.

ही गोष्ट डोळ्यांनीही पाहिली गेली आहे. २००२ साली ब्रुसेल्सच्या डॉ. डॅनियल डी बॅकर यांच्या गटाने सेप्सिसच्या रुग्णांच्या जिभेखाली छोटा कॅमेरा धरून तिथल्या बारीक वाहिन्यांतला प्रवाह पाहिला. वाहत्या वाहिन्या निरोगी माणसापेक्षा कमी होत्या, आणि दगावलेल्या रुग्णांत हा बिघाड जास्त होता. खाटेपाशी तो कॅमेरा रोज वापरणं मात्र अवघड. लाळ येते, हात जरा जास्त दाबला गेला की प्रवाह थांबतो, आणि चित्रं तपासायला वेळ लागतो.

मग राहिलं बोट. कातडी हा शरीराच्या दृष्टीने सगळ्यात कमी महत्त्वाचा अवयव, त्यामुळे रक्त कमी पडलं की पहिली कपात तिथे होते. बोटाच्या टोकावर काच किंवा आपलं बोट ठेवून कातडी पांढरी पडेपर्यंत दाबायचं, १० सेकंद धरायचं, सोडायचं आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर प्रवाह कमी आहे असं धरतात. एसीच्या गारव्याने बोट गार पडलं असेल तर वेळ उगाच वाढतो, म्हणून मी आधी हात चादरीखाली ठेवते. आपल्या सावळ्या कातडीवर इतर खुणा पटकन दिसत नाहीत, म्हणून बोटाच्या गाद्याच मला जास्त भरवशाच्या वाटतात.

हा जुनाट उपाय आहे असं समजू नका. चिलीच्या डॉ. ग्लेन हर्नांडेझ यांच्या पुढाकाराने दक्षिण अमेरिकेतल्या ५ देशांत ४२४ रुग्णांवर ‘अँड्रोमेडा-शॉक’ नावाचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. अर्ध्या रुग्णांचे उपचार रक्तातल्या लॅक्टेटच्या (पेशी अडचणीत आल्या की रक्तात वाढणाऱ्या एका पदार्थाच्या) आकड्यावर ठरवले आणि अर्ध्यांचे दर अर्ध्या तासाने बोट दाबून. २८ दिवसांत लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के दगावले, बोटाच्या गटात ३४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक जेमतेम कमी पडला, त्यामुळे बोटाने जीव वाचतात असं सिद्ध झालं म्हणता येत नाही. पण बोटाच्या गटाला पहिल्या ८ तासांत सुमारे ४०० मिली सलाईन कमी लागलं. मग २०२५ मध्ये १४६७ रुग्णांचा दुसरा, मोठा अभ्यास आला. त्यात बोट बघून उपचार झालेला गट आणि नेहमीचे उपचार झालेला गट यांत मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, पण बोटाच्या गटाची पंप, व्हेंटिलेटर, डायलिसिस यांच्यातून लवकर सुटका झाली. बिनखर्चाच्या तपासणीने एवढं साधलं, याचं मला फार अप्रूप आहे. खाटेला खाट लागलेल्या आमच्या वॉर्डात लॅक्टेटचा रिपोर्ट येईपर्यंत माझी चार पेशंटची बोटं बघून होतात.

लॅक्टेटबद्दलही थोडं, कारण तुम्ही त्याच्या ‘३.८’ ला घाबरलेल्या दिसता. पेशींना प्राणवायू कमी पडला की ते वाढतं, हे खरं. पण शरीरातल्या ॲड्रेनालिनच्या ताणानेही वाढतं, आणि यकृत थकलेलं असेल तर उतरायला वेळ लागतो. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय ते महत्त्वाचं.

आता तुमचे दीर म्हणाले ते, ‘सलाईन वाढवा, औषध वाढवून बीपी अजून वर न्या.’ हे प्रत्येक नातेवाइकाच्या मनात येतं आणि त्यात प्रेमच असतं. पण अस्तर गळकं असताना ओतलेलं पाणी फुप्फुसात आणि हातापायांत साचतं. आफ्रिकेत तापाने गंभीर झालेल्या ३१४१ मुलांवर ‘फीस्ट’ अभ्यास झाला, २०११ चा. ज्यांना झटपट जास्त द्रव दिला त्यांच्यात ४८ तासांत साडेदहा टक्के मुलं गेली, ज्यांना तसा दिला नाही त्यांच्यात ७.३ टक्के. तिथे आयसीयू नव्हते, रुग्ण मुलं होती, त्यामुळे तो हिशेब जसाच्या तसा सासूबाईंना लावता येणार नाही. पण हात सैल सोडून सलाईन देण्याची सवय तिथून मोडायला लागली.

दाबाचंही तसंच. नायट्रिक ऑक्साइड (शरीरातच तयार होणारा, वाहिन्या सैल करणारा वायू) रोखून बीपी वर आणणाऱ्या एका औषधाची ७९७ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २००४ मध्ये आले. बीपी वाढलं आणि मृत्यूही वाढले: ४९ टक्क्यांवरून ५९. वाहिन्या आवळल्या गेल्या, पण त्यामागच्या पेशींचं भलं झालं नाही. म्हणून डॉक्टर सरासरी दाब ६५ च्या आसपास ठेवतात (तुमचा ११८ हा वरचा दाब; सरासरी दाब वरच्या आणि खालच्या दाबाच्या मधला असतो) आणि पुढचा अंदाज बोट, लघवी, शुद्ध यांवरून घेतात. सासूबाईंना जुना बीपीचा त्रास असेल तर ते मात्र डॉक्टरांना जरूर सांगा. फ्रान्समधल्या २०१४ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांचा दाब थोडा वर ठेवला तेव्हा डायलिसिसची गरज कमी पडली होती.

एक आठवण सांगते. एका जुलैत गुडघाभर पाण्यातून हमाली करून आलेला चाळिशीतला माणूस लेप्टोने (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने) आमच्याकडे आला. मॉनिटरवर सगळं हिरवं. मी नवीन होते, आकडे लिहिले आणि पुढच्या खाटेकडे वळले. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी त्याची चादर उचलली. गुडघ्यांवर जांभळट जाळी पसरली होती. पॅरिसच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये याच जाळीला ० ते ५ गुण देऊन दाखवलं की ती जितकी पसरते तितका धोका वाढतो, हे मी पुढे वाचलं. सिस्टरनी वाचायची वाट पाहिली नव्हती. डॉक्टरांना उठवलं, औषधं बदलली, रात्रभर आम्ही त्याच्या गुडघ्यांकडे बघत होतो. पहाटे जाळी फिकी झाली. तेव्हापासून मी आधी चादर उचलते, मग मॉनिटर बघते.

उद्या डॉक्टर भेटतील तेव्हा बीपी किती हे विचारू नका. विचारा: नॉरॲड्रेनालिन कालपेक्षा कमी लागतंय का? तासाला लघवी किती होते? (६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली तरी व्हायला हवी.) लॅक्टेट उतरतंय का? बोटाला किती सेकंद लागतात? हे चार प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकाला आम्ही जरा जास्त वेळ देतो, खरं सांगते.

आणि भेटीच्या वेळेत हात स्वच्छ धुऊन त्यांचा हात हातात घ्या. काल गार होता आणि आज कोमट लागला, तर ड्युटीवरच्या सिस्टरला सांगा.