आधी शेरीफला फोन, मग गुगल

टेक्सासमध्ये 254 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मोठ्या काउंट्यांत कोण कधी जेलमध्ये गेला हे मोबाइलवर दिसते. पण अनेक काउंट्यांत माणसे मूठभर आणि रान अफाट. तिथे संगणकापेक्षा टेलिफोन कामाला येतो. या वेळचे सगळे प्रश्न अशा आडबाजूच्या काउंट्यांतल्या अटकेच्या आणि जेलच्या नोंदींबद्दल आहेत. उत्तरे सर्वसाधारण आहेत. प्रत्यक्ष केससाठी वकील करावाच लागेल.

प्रश्न : मुलगा ॲरिझोनात एमएस करतो. मित्रांबरोबर गाडीने सॅन अँटोनियोला निघाला होता. सिएरा ब्लांकाजवळच्या चेकपोस्टवर कुत्र्याने गाडी हुंगली, त्याच्या बॅगेत गांजाच्या तेलाचे व्हेप पेन निघाले आणि त्याला घेऊन गेले, एवढेच मित्राने कळवले. फोन बंद आहे. इंटरनेटवर नाव टाकून पाहिले, काहीच येत नाही. – एक पालक, सांगली

सिएरा ब्लांका हे हडस्पेथ काउंटीचे मुख्य गाव. क्षेत्रफळाने ही काउंटी सातारा जिल्ह्याहून मोठी आणि लोकवस्ती साडेतीन हजारांच्या आत. आय-10 महामार्गावरची तिथली बॉर्डर पेट्रोलची चौकी प्रसिद्ध आहे. गायक विली नेल्सन 2010 मध्ये आणि स्नूप डॉग 2012 मध्ये गांजापायी तिथेच अडकले. ॲरिझोनात 2020 पासून प्रौढांना गांजा बाळगायला कायद्याने मुभा आहे, म्हणून पोरे बिनधास्त निघतात. टेक्सासमध्ये मात्र सुक्या पाल्यापेक्षा गांजाच्या तेलाला शिक्षा कडक. एक ग्रॅमच्या आत असले तरी तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आणि शिक्षा 180 दिवसांपासून दोन वर्षांपर्यंत.

आता शोधायचे कसे. बॉर्डर पेट्रोल ही केंद्राची यंत्रणा. पण माल थोडा असला की केंद्राचे सरकारी वकील अशा केसमध्ये सहसा लक्ष घालत नाहीत आणि माणूस काउंटीच्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात जातो. म्हणून पहिला फोन हडस्पेथ काउंटी शेरीफच्या जेलला. नंबर काउंटीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. जेलमध्ये रात्रंदिवस कोणीतरी असते; कोर्टाच्या कचेऱ्या मात्र दिवसाच उघड्या. हडस्पेथचे घड्याळ एल पासोप्रमाणे माउंटन टाइमवर, म्हणजे बहुतेक टेक्सासच्या एक तास मागे चालते. तिथे सकाळचे नऊ म्हणजे सांगलीत हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेआठ.

फोनवर कहाणी सांगत बसू नका. आडनाव, नाव आणि जन्मतारीख सांगा, तारखेत महिना आधी. मग एकेक विचारा : तो तिथे आहे का, बुकिंग नंबर (जेलमधला नोंदणी क्रमांक) काय, कलम कोणते, मॅजिस्ट्रेटपुढे नेले का, जामिनाची रक्कम किती, आणि शेवटी ‘एनी होल्ड्स?’ हा शेवटचा प्रश्न विसरू नका. दुसऱ्या काउंटीचे किंवा इमिग्रेशन खात्याचे पत्र त्याच्या नावावर पडले असेल, तर जामीन भरूनही तो घरी येणार नाही, एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत जाईल. टेक्सासच्या कायद्यानुसार अटकेनंतर 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. आरोप आणि जामीन तिथे कळतो.

‘नाही’ असे उत्तर आले तर लगेच धीर सोडू नका. अटक आणि बुकिंग यांत कित्येक तास जातात. शिवाय आपल्या नावांची तिथे दैना होते. पासपोर्टवर मुलाचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात असते. जेलचा कर्मचारी त्यातले कुठले पुढे घेईल सांगता येत नाही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) ही तीन अक्षरे बसलेली असू शकतात. स्पेलिंग बदलून, वडिलांच्या नावाने, नुसत्या जन्मतारखेने विचारा.

तरीही सापडला नाही तर दोन ठिकाणे उरतात. केंद्रीय तुरुंग विभागाची कैदी शोधण्याची सोय फुकट आहे, पण मार्शल्सच्या, म्हणजे केंद्रीय न्यायालयांच्या पोलिसांच्या, ताब्यात असलेला ताजा आरोपी तिथे बहुधा दिसत नाही. इमिग्रेशनच्या ताब्यात असेल तर आइस या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याची ऑनलाइन शोध-सोय आहे. तिथे ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश लागतो, किंवा नाव आणि जन्मदेश, आणि ते नाव त्यांच्या नोंदीशी तंतोतंत जुळावे लागते.

आणखी दोन गोष्टी. भारतीय नागरिकाला अटक झाली की वकिलातीला आपोआप कळवतात, हा गैरसमज आहे. वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना कराराप्रमाणे पोलिसांनी कैद्याला तो हक्क सांगायचा असतो, आणि ज्या देशांना न विचारता कळवणे अमेरिकेवर बंधनकारक आहे त्यांच्या यादीत भारत नाही. मुलाने ‘कळवा’ म्हणायला हवे. तुम्ही स्वतःही ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा. दुसरे म्हणजे, जेलमधून त्याचा फोन आला तर घटनेबद्दल चकार शब्द नको, मराठीतही नको. ते फोन रेकॉर्ड होतात. जेवलास का, वकील कोण पाहू, एवढेच. आणि वकील करताना त्याला इमिग्रेशन कळते का हे आधी विचारा. मादक पदार्थाच्या गुन्ह्याची ‘छोटीशी’ कबुलीही व्हिसावर बेतू शकते. अशा परिणामांची जाणीव आरोपीला देणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पाडिया खटल्यात ठरवले आहे.

प्रश्न : पश्चिम टेक्सासमधल्या एका काउंटीत माझ्या ट्रकला धडक देणाऱ्याला पोलिसांनी नेताना मी पाहिले. त्याला अटक झाली का, कशासाठी, हे विमा कंपनीला हवे आहे. काउंटीच्या साइटवर कैद्यांची यादीच नाही. फोन केला तर बाई म्हणाल्या, ‘लेखी द्या.’ टाळत आहेत का? – एक वाचक, प्लेनो

टाळत नसाव्यात. साइटवर यादी ठेवण्याची सक्ती कायद्यात नाही. छोट्या काउंटीत फोन उचलणारी बाईच डिस्पॅच (गस्तीवरच्या पोलिसांना निरोप देणे) सांभाळते, जेलचे दारही तीच उघडते. काही काउंट्यांना तर स्वतःचे जेलच नाही. त्यांचे आरोपी शेजारच्या काउंटीत भाड्याच्या खाटांवर असतात, म्हणून शेजारीही विचारून पाहा.

लेखी मात्र नीट द्या. टेक्सासच्या सार्वजनिक माहिती कायद्याखाली शेरीफच्या नावे ईमेल करा. तपास चालू आहे म्हणून इतर कागद रोखता येतात, पण अटक कोणाची, कधी, कुठे, कोणत्या आरोपाखाली ही मूळ माहिती रोखता येत नाही. हवे ते बारकाईने मागा : अमुक तारखेला, अमुक रस्त्यावरच्या अपघातातील अटकेचा बुकिंग रिपोर्ट. ‘सगळी माहिती द्या’ असे लिहिलेत की खुलासा मागणारे पत्र येते आणि आठवडा जातो. माहिती लगेच देता येत नसेल तर त्यांनी दहा कामकाजी दिवसांत तसे कळवायचे असते. रोखायची असेल तर त्याच मुदतीत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे परवानगी मागायची असते. छापील प्रतीला पानामागे 10 सेंट.

हा कायदा न्यायालयांना लागू नाही. खटल्याचे कागद क्लार्कच्या कचेरीतून मागवायचे. किरकोळ गुन्हा, उदाहरणार्थ पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवणे, असेल तर काउंटी क्लार्क. फेलनी असेल तर डिस्ट्रिक्ट क्लार्क. नुसत्या दंडाचे प्रकरण असेल तर जस्टिस ऑफ द पीसचे कोर्ट. आठ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत पहिल्या दोन्ही खुर्च्यांवर बहुधा एकच व्यक्ती असते, हा तुमचा फायदाच. माझा अनुभव असा की अशा कचेरीत सकाळी उघडल्या उघडल्या, अदबीने, केसचे वर्ष आणि आडनाव हाताशी ठेवून फोन केला तर साइट चाळत घालवलेल्या संध्याकाळीपेक्षा जास्त हाती लागते.

(भारतातही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 नुसार अटक झालेल्यांची नावे आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचे असते. आपल्या ठाण्यात तो फलक कुठे आहे, एकदा बघून या.)

प्रश्न : मुलीसाठी टेक्सासमधल्या एका छोट्या गावातले स्थळ आले आहे. मुलगा तिथे आठ वर्षे आहे. त्याला कधी अटक झाली होती का, हे गुपचूप पाहता येईल का? एक साइट 30 डॉलरमध्ये ‘संपूर्ण अहवाल’ देते. – एक आई, नाशिक

ते 30 डॉलर वाचवा. या साइट जुन्या याद्या खरवडून भरलेल्या असतात. त्यात दुसऱ्याच पाटलाची अटक तुमच्या पाटलाच्या नावावर येते आणि केस रद्द झाल्याचे कुठेच येत नाही. अटकेच्या वेळचा फोटो काढून टाकण्याचे पैसे मागणाऱ्या साइटचा तर वेगळाच धंदा आहे. टेक्सासने 2013 मध्ये कायदा करून त्याला मनाई केली.

पाहता येते, कायद्याने गैर नाही. पण काय दिसते ते समजून घ्या. जेलच्या यादीत आज आत असलेलेच बहुधा दिसतात. राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर थोड्या शुल्कात दोषी ठरलेल्यांची नोंद मिळते, निर्दोष सुटलेल्यांची नाही. उरलेले काउंटी-काउंटीत विखुरलेले असते, आणि आठ वर्षांत मुलगा किती ठिकाणी राहिला हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे? काही सापडले नाही म्हणजे काही नव्हतेच, असे धरू नका.

खरे सांगू? या कामात अटकेपेक्षा मला दुसरी नोंद महत्त्वाची वाटते. टेक्सासचे आरोग्य खाते 1966 पासूनचे विवाह आणि 1968 पासूनचे घटस्फोट राज्यभरातून पडताळून लेखी देते. पूर्ण नाव आणि जन्मतारीख पत्रिकेत असतेच. बाकी मुलाला सरळ विचारा. सरळ उत्तर देतो की चिडतो, त्यावरून बरेच कळेल.

प्रश्न : आजीला पुण्यात फोन आला : नातवाला टेक्सासमध्ये अटक झाली, मी शेरीफच्या कार्यालयातून बोलतोय, तासाभरात गिफ्ट कार्डने जामीन भरा. नातू घरीच झोपला होता. त्यांना नाव कसे कळले? – एक वाचक, ऑस्टिन

सोशल मीडियावरून, कधी खरोखर अटक झालेल्यांच्या जाहीर याद्यांतूनही, म्हणून काही वेळा बुकिंग नंबरसुद्धा बरोबर सांगतात. कुठलाही शेरीफ गिफ्ट कार्ड किंवा बिटकॉइन घेत नाही. आजींना सांगून ठेवा : फोन ठेवायचा, तुम्हाला लावायचा, आणि जेलचा नंबर तुम्ही शोधायचा.

प्रश्न : 2019 मध्ये एका ग्रामीण काउंटीत मला अटक झाली, पुढच्या वर्षी केस रद्द झाली. आता नवीन नोकरीच्या पडताळणीत ती अटक निघाली. सात वर्षांनंतर ती आपोआप जाते ना? – एक एच-1बीधारक, फ्रिस्को

जात नाही. सात वर्षांची मर्यादा पडताळणी करणाऱ्या कंपन्यांना आहे, काउंटीच्या दप्तराला नाही. तीही वर्षाला 75 हजार डॉलर किंवा जास्त पगाराच्या नोकरीला लागू होत नाही, आणि तुमचा पगार बहुधा त्याहून वरच असणार. मात्र अहवालामुळे नोकरी नाकारायची असेल तर मालकाने आधी त्याची प्रत तुम्हाला द्यावी लागते. त्यात ‘केस रद्द’ असे नसेल तर त्या कंपनीकडे लेखी हरकत घ्या.

कायमचा उपाय म्हणजे एक्सपंक्शन : कोर्टाच्या आदेशाने शेरीफ, क्लार्क, राज्य अशा सगळ्यांकडची नोंद पुसणे. रद्द झालेल्या केसमध्ये ते अटींसह मिळू शकते. पण ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’वर, म्हणजे कोर्टाने दोषी न ठरवता देखरेखीखाली ठेवून सुटला असाल, तर किरकोळ दंडाचे गुन्हे सोडून नोंद सहसा फक्त झाकता येते, पुसता येत नाही. तुमच्या आदेशावर नेमके काय लिहिले आहे ते आधी वाचा.

आणि अर्ज करण्याआधी त्या काउंटीच्या क्लार्ककडून आरोपपत्र आणि केस रद्द झाल्याचा आदेश यांच्या शिक्क्यानिशी प्रमाणित प्रती घ्या, दोन-तीन संच. नोंद पुसली की क्लार्क त्या पुन्हा देऊ शकत नाही. व्हिसाच्या डीएस-160 अर्जात मात्र ‘कधीही अटक झाली होती का’ हा प्रश्न राहतोच, आणि नोंद पुसली असली तरी उत्तर ‘हो’ असेच द्यायचे असते. मुंबईच्या वकिलातीतला अधिकारी कागद मागेल, तेव्हा तुमच्या फाइलीखेरीज तो कुठेच नसेल.