लॉस एंजेलिसच्या पार्कात डांबराच्या तळ्यात रुतलेल्या मॅमथचा पुतळा आहे, त्याचा अर्थ काय?

त्या जागी हजारो वर्षं जे होत होतं त्यातला एक प्रसंग दाखवलाय, पण अर्धाच. उरलेला अर्धा पुतळ्यात नाहीये आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे.

जागा म्हणजे हॅनकॉक पार्क, ला ब्रेआ टार पिट्स. जमिनीतून कच्चं तेल वर झिरपतं, त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे डांबर राहतं, आजही त्या तळ्यात गॅसचे बुडबुडे येत असतात. एक मॅमथ, म्हणजे हत्तीचाच आता नामशेष झालेला भाईबंद, आत अडकलाय, काठावर दुसरा मोठा आणि पिल्लू बघतायत. हत्ती पडलेल्या सोबत्याला सहजासहजी सोडून जात नाहीत त्यामुळे ते दृश्य मला खोटं वाटत नाही, फोटोत बघूनही पोटात तुटतं.

फक्त ते बघून वाटतं की प्राणी खोल डांबरात बुडून मेले, तसं नव्हतं. ते तळं म्हणजे 19व्या शतकात डांबर काढून काढून झालेला खड्डा, नंतर त्यात पाणी साचलं. मूळचं डांबर बहुतेक ठिकाणी उथळच, वर पालापाचोळा नि धूळ, म्हणजे दिसायचंही नाही. आपल्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर वितळून चप्पल चिकटते ना, तेच, फक्त पाय सुटायचाच नाही. मग भुकेनं, तहानेनं, नाहीतर शिकाऱ्याच्या तोंडी मरण.

आणि हे शिकारीच पुतळ्यात नाहीत! अडकलेल्या एका प्राण्याचं ओरडणं ऐकून लांडग्यांचे कळप यायचे, तलवारदाती मांजरं यायची आणि तीही चिकटायची. तिथे सापडलेल्या सस्तन प्राण्यांत साधारण 90 टक्के मांसाहारी आहेत, एकट्या डायर वुल्फचेच, म्हणजे त्या काळच्या, आता नामशेष झालेल्या लांडग्यांचेच, 4000 च्या वर, मॅमथ त्यामानाने अगदी थोडे. म्हणजे तो मॅमथ एका अर्थी आमिष होता. हे कळल्यावर मला पुतळ्याकडे बघताना काठावर न दाखवलेले लांडगेच जास्त दिसतात.

मी रत्नागिरीचा, इथल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची कातळशिल्पं बघायला पाहुण्यांना घेऊन जातो, म्हणून मला यात अजून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इथल्या कशेळी गावात कातळावर कोरलेला हत्ती साधारण 18 मीटर लांब, त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेत, काही सड्यांवर तर गेंडासुद्धा आहे जो आज कोकणात कुठे बघायला मिळत नाही. पण त्या प्राण्यांची हाडं? आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, पाऊस एवढा, हाडं टिकणार कशी. तिकडे डांबरानं हाडं जपली म्हणून शिल्पकाराला प्रसंग उभा करता आला, इकडे माणसानं डोळ्यांनी बघून कातळावर प्राणी कोरला आणि फक्त तेवढंच उरलं. म्हणून कशेळीला कोणी "याचा अर्थ काय" विचारलं की मी एवढंच सांगतो की कोरणाऱ्याला हत्ती नीट माहीत होता, पुढचं ठामपणे सांगणाऱ्यांवर पटकन विश्वास ठेवू नका.

तिकडे गेलात तर नुसता पुतळ्यासोबत फोटो काढून परत येऊ नका, शेजारीच म्युझियम आहे, 1977 मध्ये उघडलेलं, तिथे एका भिंतीवर डायर वुल्फच्या 404 कवट्या ओळीनं लावल्यात, त्या आधी बघा आणि मग तळ्याकडे या.